वाढत्या अंगाचं

मे महिना, बडोदं. फतेगंजच्या प्रयोगशाळेत
पंखा गरम हवा नुसती ढवळतोय
आणि माझ्यासमोर बरणीत
उत्तरेच्या समुद्रातली कोळंबी,
दोन अंशांच्या गारठ्यात वाढलेली,
स्पिरिटमध्ये फिकी पडलेली.
आजच्या एकशे चौऱ्याऐंशी.

कॅलिपरचं एक टोक डोळ्याच्या खाचेत,
दुसरं पाठीच्या कवचाच्या काठावर.
एकोणीस पूर्णांक चार.
वीस पूर्णांक एक.
परीख सर दारातूनच, "निकुंभबेन, केटला थया?"

माशाच्या कानात खडा असतो, त्यात वर्षांची वलयं.
झाडाला बुंधा असतो.
हिच्याजवळ काही नाही.
अंगात मावेनासं झालं की कवच पाठीशी उसवतं,
ही बाहेर, आणि सगळा जमाखर्च तिथेच,
पोटातल्या जात्याच्या दातांसकट.

भाऊ रावपुऱ्यात शाळेचे गणवेश शिवायचे.
आया म्हणायच्या, मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा.
भाऊ दोन इंच आत दुमडायचे,
टीप सैल, म्हणजे पुढच्या जूनला
घरच्या घरी उसवता येईल.
कोळंबीला ही सोय नाही.
जुन्याच्या आत नवं आधीच बेतून तयार,
ओलं, चुण्याचुण्यांचं.
ते नेसून ती पाणी पिऊन फुगते
आणि टणक होईपर्यंत
कुणाच्या नजरेला पडत नाही.

मग वय काढायचं कसं?
एकटीचं निघत नाही.
शेकडो मोजायच्या, मिलिमीटरच्या रकान्यांत टाकायच्या,
की कागदावर उंचवटे यायला लागतात:
ही गेल्या वसंतातली पिल्लं,
ही त्याच्या आदल्या,
तिसरा उंचवटा पसरट,
चौथा त्याच्या अंगावर रेललेला,
कारण वय वाढतं तशी वाढ दमते.
तिथून पुढे मी पेन्सिल वापरते.

भाऊंना हे सांगताना ते काजं करत होते.
हिच्यातला बहुतेक जण आधी नर असतो,
चार-पाच वर्षांनी मादी होतो,
म्हटलं तेव्हा सुई थांबली.
"म्हणजे माप पहिल्यापासून घ्यावं लागत असणार."

त्यांची मापाची वही मी एकदा आलेखावर चढवली.
एक्याऐंशीचा जून, सहाशे अकरा मुलं.
तेच उंचवटे. पहिली, दुसरी, तिसरी,
सातवीनंतर सगळी एकमेकांत मिसळलेली.
आणि डावीकडे एकटा ठिपका:
सुर्वे जयसिंग, इयत्ता पाचवी, उंची दुसरीची.
समोर भाऊंच्या अक्षरात: दुमड चार इंच.

भाऊंची स्वतःची जन्मतारीख एक जून.
हेडमास्तरांनी लिहिलेली,
वर्गातल्या सव्वीस जणांची तीच.
त्यांची आई सांगायची,
विश्वामित्रीला पूर आला त्या साली.
पूर तर दोनदा आला होता.

परवा त्यांच्या सदऱ्यासाठी माप घेतलं.
गळा साडेचौदा. मागच्या दिवाळीला पंधरा होता.
आमच्या सूत्रात हे बसत नाही.
तिथे रेघ चढते, सपाट होते,
आणि कधीच न गाठायच्या एका लांबीकडे
तोंड करून चालत राहते.
खाली उतरत नाही.

आता म्हणतात, डोळ्याच्या देठात पट्टे उमटतात,
वर्षाला एक; सगळ्यांना ते पटलेलं नाही.
आज एक देठ कापला, कागदाहून पातळ चकती,
भिंगाखाली धरली.
पाच.
घाम पुसून पुन्हा मोजले, तर सहा.
कडेचा तो पट्टा होता की माझीच पापणी,
सांगता येईना.

संध्याकाळी भाऊंनी विचारलं, कितीची निघाली?
पाच, नाहीतर सहा.
त्यांनी दोरा दातानं तोडला.
"मोठं धर," म्हणाले,
"कमी पडलं तर कापड कुठून आणशील?"